चोवीस विटा गारवा

"मावशी, तुम्ही रोज सकाळी उठून खालच्या त्या भट्टीत कशाला जाता?"

प्रश्न एका दमात सुटला, आणि इतक्या जोरात, की छायामावशींच्या गाडीच्या टपावर बसलेला बुलबुल उडून गेला. मागे पाण्याच्या टाकीआड तेजल आणि हुमेरा एकमेकींचे हात दाबून खुसखुसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. रेवतीने विचारलं तर तेजलचा लाल स्वेटर आठ दिवस तिचा, नाही विचारलं तर आठ दिवस तिघींच्या घरची भांडी तिने घासायची.

मे महिना चालू होता आणि पैज स्वेटरवर लागली होती. चिखलदऱ्याच्या त्या माळावर यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

गेल्या वर्षीची रेवती म्हैसने असती तर मुकाट्याने भांडी घासायला बसली असती. वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे, ती ही मुलगी. पण डिसेंबरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सूत्रसंचालन करणारा मुलगा तापाने आडवा झाला आणि बाईंनी समोर दिसली तिच्या हातात माइक कोंबला. तो माइक तिच्या हातून परत घेणं तेव्हापासून कुणालाच जमलेलं नव्हतं. आता जुलैमध्ये ती दहावीत जाणार होती आणि जगात विचारता न येण्यासारखा प्रश्नच नाही, असं तिचं ठाम मत झालं होतं.

छायामावशी काच पुसत होत्या. फडकं पिळून त्यांनी मागे पाहिलं. सावळा, रुंद चेहरा, करडी वेणी, बाह्या कोपरापर्यंत वर. तीस वर्षं त्यांनी एस.टी. चालवली होती, आणि चालवणाऱ्या बायकांच्या पहिल्या तुकड्यांतल्या त्या एक होत्या.

"तुले कोनं पाठवलं वं? त्या टाकीमागच्या दोघींनं का?"

टाकीमागची खुसखुस एकदम थांबली.

"पैज आहे," रेवतीने कबूल करून टाकलं. "पण मलाही खरंच जाणून घ्यायचंय. लोक म्हणतात, खाली तुमचा दुसरा नवरा आहे."

"एक नाई, सहा हायेत," मावशी म्हणाल्या. "पाहाचे असतीन तं आईले इचारून ये. आठले निघतो."

आता हा माळ आणि ही माणसं इथे का होती, ते सांगायला हवं.

त्या वर्षांत अकोला, अमरावती, अचलपूर या सगळ्या पट्ट्यात एप्रिल लागला की पारा पंचेचाळिसाला टेके आणि मेमध्ये अठ्ठेचाळीस गाठी. शाळा एप्रिल ते जून बंद. ज्यांना जमे ते घरगाडी घेऊन वर चिखलदऱ्याला येत. कंपन्या तिला मोटरहोम म्हणत, लोकांनी तिचं घरगाडी करून टाकलं. माळावर तीन रांगांत नव्वद गाड्या उभ्या राहत आणि त्या जागेला सगळे 'तळ' म्हणत.

प्रत्येक घरगाडीला दोन पंख होते. संध्याकाळ झाली की ते टपावरून दोन्ही बाजूंना उघडायचे. त्यांवर एक दुधी रंगाचा पापुद्रा चढवलेला असे आणि सगळी जादू त्याच्यात होती. प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडत असते. त्यातला बराचसा हवेतली वाफ पकडते आणि परत खाली पाठवते. पण त्या प्रकाशाचा एक पट्टा असा आहे, की हवा त्याला अडवतच नाही. तो थेट वर, अंतराळात निघून जातो. आकाशाला तिथे जणू एक खिडकी आहे. हा पापुद्रा नेमकं त्याच खिडकीतून उष्णता बाहेर टाकायचा. त्यामुळे स्वच्छ रात्री पंख भोवतालच्या हवेपेक्षाही दहा अंशांनी थंड पडत.

हा गारवा साठायचा विटांमध्ये. वीट म्हणजे जाड प्लॅस्टिकचा डबा, आकार विटेएवढा, आत एक मीठ. आपलं जेवणातलं नव्हे, सोळा अंशांना गोठणारं. रात्रभरात मीठ गोठून वीट टणक व्हायची. दिवसा ती हळूहळू वितळायची आणि वितळताना खोलीतली उष्णता पिऊन टाकायची. ना इंजीन, ना घरघर. अट एकच, रात्र निरभ्र आणि जराशी गार हवी. अकोल्यात रात्री पारा चौतिसाच्या खाली उतरत नसे, आकाश धुळीने आणि वाफेने गढूळ. तिथे पंख रात्रभर पसरून ठेवले तरी विटांमध्ये सकाळी नुसतं सूप. म्हणून डोंगर गाठावा लागे.

प्रत्येक बाजेखाली एक खण आणि खणात चोवीस विटा. ज्याची बाज त्याच्या विटा, हा तळावरचा पक्का नियम होता. आपला खण कधी उघडायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. पोरं आंब्याच्या फोडीसाठी विटांची अदलाबदल करत आणि भावंडांची त्यावरून जुंपे.

गंमत अशी, की या विटा खालच्या अठ्ठेचाळीस अंशांच्या हिशोबाने बनवल्या होत्या. माळावर दुपारी जेमतेम चौतीस व्हायचे, वर वारा. चार खणांपैकी एक उघडला तरी पुरे. मग उरलेल्या गारव्याचं करायचं काय? तळाने त्याचा सण करून टाकला. कुणाकडे तरी रोज 'शाल-दुपार' असे. सगळे खण एकदम उघडायचे, गाडी अठरा अंशांवर आणायची आणि बायकांनी शाली-स्वेटर घालून पत्ते खेळत डिंकाचे लाडू खायचे. मे महिन्यात, दात वाजवत! गाडीच्या दारावर आतले अंश दाखवणारी पाटी असे. रेवतीच्या आईच्या, म्हणजे अश्विनीच्या पाटीवर गेल्या गुरुवारी साडेसतरा लागले होते आणि ते अजून दोन रांगांत गाजत होते.

तर, आईने विचारलं, "छायाताईंसोबत? टोपी घाल, पाण्याची बाटली घे आणि दर तासाला फोन." रेवती आठला पाच कमी असताना मावशींच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. जाताना तिने टाकीकडे बघून लाल स्वेटर हवेत फडकावला.

मावशींनी घाट असा उतरवला, की जणू त्या वळणं मोजत नव्हत्या, वळणंच त्यांना ओळखून वाट देत होती. स्टेअरिंगजवळ थर्मामीटर होता. निघताना एकोणतीस. तिसऱ्या वळणाला एकतीस. पुढे पस्तीस. साग संपले, पळस संपले, आणि सपाटीला लागताच काचेतून हात बाहेर काढलेल्या रेवतीने तो झटक्यात आत घेतला.

"मावशी, कुणीतरी ओव्हनचं दार उघडं ठेवलंय!"

"हे तं सकाळचे नऊच हायेत, बाई."

"आणि तुमचे खण?"

"बंद. अजून एक वीट नाई उघडली. इथल्यासाठीच तं आनतो."

परतवाड्यात सरकारी दवाखान्यामागच्या गल्लीत एका खांबाखाली सहा जण उभे होते. निळे शर्ट, कमरेला पट्टे, डोक्यावर पिवळ्या टोप्या. हे मावशींचे सहा नवरे! वीज कंपनीचे लाइनमन. गाडी थांबताच एक मिशाळ लाइनमन ओरडला, "आली रे आपली काश्मीर एक्स्प्रेस!"

"ह्या पोरीले वाटते तुमी माहे नवरे हा," मावशी उतरता उतरता म्हणाल्या.

सहाही जणांनी एकदम टोप्या काढल्या. "मंग घरखर्च द्या ना, बाई!" मिशाळ, ज्याला सगळे बबलूभाऊ म्हणत, तो बोलला, आणि रेवती इतकी हसली की तिला उचकी लागली.

टोळीचे प्रमुख खंडारेभाऊ मात्र शांत, हळू बोलणारे. त्यांनी तिला दंडावर चिकटवलेलं रुपयाएवढं बटण दाखवलं. अंगाचं तापमान साडेअडतीस झालं की बटण टिटवीसारखं ओरडायचं. ओरडलं की माणसाने खांबावरून उतरलंच पाहिजे, आणि साडेसदतीस होईपर्यंत परत चढायचं नाही. कायदाच होता तसा. सावलीत बसून अंग निवायला दीड तास लागे. मावशींच्या गाडीत अठरा मिनिटं.

"म्हणजे मावशी नसल्या तर?"

"तं सकाळी अकराले काम बंद, ते चार वाजता चालू," खंडारेभाऊ म्हणाले. "आनि तारा तुटतात नेमक्या त्याच टायमाले."

मग रेवतीने सकाळभर धमाल केली. बटण ओरडलं की दार उघडायचं, लालबुंद माणूस आत घ्यायचा, ताकाचा ग्लास हातात द्यायचा आणि घड्याळ लावायचं. दार जरा रेंगाळलं तर आतून सगळे मिळून ओरडत, "लाव ना बे दार, मावशीचा गारवा सांडते!" बबलूभाऊ प्रत्येक वेळी आत येताना "थंडी वाजते, घोंगडं द्या," म्हणत. रेवतीने लाल स्वेटर काढून त्यांच्या खांद्यावर टाकला, तेव्हा बाकीच्या पाच जणांनी त्यांना "नवरी, नवरी" म्हणून भंडावून सोडलं.

साडेबारा झाले. खंडारेभाऊंनी खांबावरून हात हलवला, खालून कुणीतरी खटका दाबला आणि गल्लीतला एकेक पंखा गरगरू लागला. "आली रे आली!" घराघरांतून एकच आरोळी उठली. दवाखान्याच्या खिडकीतून बायका हात हलवत होत्या, एका आजोबांनी अख्खं टरबूज आणून गाडीच्या पायरीवर फोडलं. रेवतीला वाटलं, आपण वर्ल्ड कप जिंकलोय.

आणि एकला मावशींनी शेवटचा खण ओढून वीट कानाशी हलवली. आतून डबडब आवाज आला.

"सूप झालं. चला, माहा दिवस सरला."

नेमका त्याच वेळी फोन आला. पलीकडच्या वस्तीची पाण्याची मोटर बंद, तिथली लाइन गेली होती. खंडारेभाऊंनी फोनवर एवढंच म्हटलं, "चारले येतो." नळापाशी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका गल्लीच्या टोकाला दिसत होत्या. त्यातली एक जवळ आली. काखेत तान्हं मूल.

"तीन तास, भाऊ? पोराले काय पाजू?"

मिशाळ बबलूभाऊंनी खांद्यावरचा स्वेटर काढून रेवतीला परत दिला.

"दुसरी गाडी नाही का?" रेवतीने विचारलं.

"वर नव्वद हायेत," मावशी म्हणाल्या. "दोन वर्षं तळाच्या मीटिंगीत इचारलं मी. सारे म्हनतात, पाहू. मंग इचारनं सोडलं."

रेवतीच्या डोळ्यांपुढे साडेसतरा अंशांची पाटी आली, आणि तिचं तोंड तिच्या आधी बोलून मोकळं झालं. "आमची आहे ना! उद्यापासून एक ते चार आमची गाडी!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. खंडारेभाऊंनी दोनदा विचारलं, "घरी चालन ना?" आणि ती दोनदा "हो" म्हणाली. मग त्यांनी फोन लावून सांगितलं, "उद्यापासून दुपारची कामं धरा." तान्ह्या मुलाच्या आईने विचारलं, "उद्या पानी जानार नाई ना?" रेवती म्हणाली, "गेलं तरी लगेच येईल!" हंडेवाल्या बायकांपर्यंत ही बातमी तिच्यादेखत पोचली. तिथून घाट चढेपर्यंत ती सीटवर बसली नव्हती, तरंगत होती. मावशी फक्त एकदा म्हणाल्या, "घरी इचारलं असतं तं बरं झालं असतं."

बाबा गाडीबाहेर खुर्ची टाकून कुणाचातरी चष्मा दुरुस्त करत होते. अकोल्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि तळावरही कुणी ना कुणी मोडकी काडी घेऊन येईच. रेवतीने पायरीवर पाय ठेवायच्या आधी सगळं सांगून टाकलं. लाइनमन, बटण, टरबूज, तान्हं मूल, आणि शेवटी एका श्वासात, "तर मी सांगितलंय की उद्यापासून आपली गाडी."

बाबांच्या हातातला इवलासा स्क्रू गवतात पडला.

"रेवू, तो घाट मी वर्षातून एकदा चढतो आणि एकदा उतरतो. तेवढ्यातच माझे केस गेले. रोज?"

"उद्या माझ्याकडे शाल-दुपार आहे," आई आतून म्हणाली. "चौदा जणी येतायत."

"पण आई, तिथे बाळाला पाणी..."

"ते कळतंय मला. वाईट वाटतंय. पण बाळा, गाडी तुझी आहे का?" बाबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला भांडता आलं असतं. "शब्द देताना आधी विचारायचं असतं. त्यांना फोन करून सांग, जमत नाही म्हणून."

रेवतीने गवतातला स्क्रू शोधून बाबांच्या हातात ठेवला. माइक हातात आल्यापासून पहिल्यांदाच ती न भांडता मागे वळली.

ती खंडारेभाऊंचा नंबर मुठीत धरून टाकीमागे जाऊन बसली. तेजल आणि हुमेरा आल्या, त्यांनी सगळं ऐकलं, आणि हुमेराने हळूच विचारलं, "मग फोन केलास?"

"बोटच चालत नाहीये. त्या बायका उद्या एक वाजता वाट बघत असतील."

समोर छायामावशी दिवसभराच्या विटा खणांतून बाहेर काढून पुसत होत्या. एकेक पुसायची, पंखाखालच्या पत्र्यावर रचायची. रेवती उठली आणि नुसती मदत करायची म्हणून एक वीट उचलली. चार किलोची होती. तिने ती तळहातावर तोलली. मग कडेला वळून शेजारच्या गाडीच्या उघड्या दारातून बाजेखालच्या खणात डोकावली. मग परत हातातल्या विटेकडे पाहिलं.

"मावशी, ही दुसऱ्या गाडीच्या खणात बसेल?"

"साऱ्या सारख्याच. कोन्याही खनात बसते."

"तेजल!" रेवती इतक्या जोरात किंचाळली की रांगेतली दोन कुत्री भुंकायला लागली. "गाडी लागतच नाही! गाडी मावशींची आहेच. आपल्याला फक्त विटा न्यायच्यात!"

तिघी मातीत काडीने आकडे मांडत बसल्या. मावशींच्या चार खणांतल्या शहाण्णव विटा नऊ ते एक पुरल्या, चार तास. म्हणजे तासाला चोवीस. एका बाजेच्या चोवीस. तिघींच्या तीन बाजा. एक ते चार.

आकडा मातीत उमटला, बरोबर तीन तास, तशी तेजल नाचायलाच लागली.

"पण एक वाजेपर्यंत त्या टणक राहतील का?" हुमेराचं डोकं नेहमी शंकेच्या बाजूने चालायचं, म्हणून तर तिला गणितात पैकीच्या पैकी पडत. "सकाळपासून गाडीत पडून राहणार. बाहेर अठ्ठेचाळीस."

"गोधड्या," मावशी पुसता पुसता म्हणाल्या. "गोधडी आतलं बाहेर जाऊ देत नाई, आनि बाहेरचं आत येऊ देत नाई. तिले ऊब का गारवा, काई समजत नाई. चार गोधड्यांत गुंडाळा, एक थेंब नाई वितळनार."

"अम्मीकडे सात आहेत," हुमेरा म्हणाली. तिची शंका मिटली होती.

"मंग रात्री कशा झोपसान? खन रिकामे राहतीन, परत येतीन त्या इटा सूप असतीन."

"रात्री तर पंखांखाली गोठतीलच. आणि आम्ही खिडकी उघडी ठेवू, वारा आहे की," तेजल म्हणाली. "दुपारीच जरा गरम होईल."

रेवतीच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तिचा खण रिकामा म्हणजे उद्या आईची पाटी बावीसच्या खाली उतरणार नाही. चौदा बायकांसमोर. आई बोलणार नाही काही, पण पाटीकडे दोनदा बघेल. घरी परत जाऊन विचारावं का? विचारलं आणि पुन्हा नाही आलं, तर?

"मावशी, विचारू की सांगू?"

मावशींनी शेवटची वीट रचली, हात कमरेवर ठेवले. "दुपारी दुसऱ्याचं देऊन आली तवा मान ताठ होती तुही. आता आपलं द्याचं तं मान खाली काहून? ज्याची बाज त्याच्या इटा. जा, सांग. फकत नीट सांग."

तिघींनी घड्याळं जुळवली. बरोबर साडेसहाला, तिघींनी आपापल्या दारात. कुणी मागे हटायचं नाही, आणि या वेळी पैज नाही.

साडेसहाला ऊन माळावर पिवळं पसरलं होतं. गाड्यांचे पंख एकापाठोपाठ एक उघडत होते, नव्वद मोठ्ठे पक्षी एकदम आळस देत असावेत तसे. आई-बाबा बाहेर खुर्च्यांवर चहा घेत होते आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ ओजस त्यांच्या पायांशी बिस्किटं बुडवत बसला होता. रेवती समोर येऊन उभी राहिली. पलीकडच्या गाडीतून तेजलच्या आईचा आवाज आला, "काय म्हणालीस?" आणि त्याच्याही पलीकडून हुमेराचा, मोठ्ठा, कधी नव्हे तो न थांबणारा. रेवतीला हसू फुटलं. तिने ते आवरलं नाही.

"आई, बाबा, आधी माझं चुकलं ते. गाडी तुमची आहे आणि मी न विचारता देऊन टाकली. खंडारेभाऊंना आता फोन करते आणि सांगते की गाडी येत नाही. पण त्याच फोनवर दुसरंही सांगणार आहे. माझ्या बाजेखालच्या चोवीस विटा उद्या सकाळी आठला गोधडीत गुंडाळून छायामावशींच्या गाडीतून खाली जातील. मीही जाईन, कारण विटा बदलायला आणि दार लावायला माणूस लागतं. शाळा सुरू होईपर्यंत रोज. उद्या आपल्या पाटीवर बावीस लागतील, आई. मला माहीत आहे, आणि तरीही. तेजलच्या आणि हुमेराच्या विटा दोन ते चारसाठी आहेत. एक ते दोन माझा तास आहे, आणि तो मी खालच्या लोकांना दिलाय."